खुर्चीतली भीती

अग्निशमन दलात तो नावाजलेला जवान. धुरानं भरलेल्या खोल्यांतून त्यानं माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणलेली. पण दाताच्या दवाखान्याची पायरी दिसली की त्याला दरदरून घाम फुटायचा. एकदा तर तो गळ्यातल्या रुमालासकट खुर्चीवरून पळून आला होता. डाव्या बाजूनं चावणं त्यानं कधीच सोडलं होतं. आता गालही सुजला होता.

घरात चेष्टा ठरलेली. सगळ्यांत पुढे थोरली बहीण. "शिडीवर सरसर चढतोस आणि एवढ्याशा दातापुढे शेपूट घालतोस?"

तो गाल धरून नुसता हसायचा. वाचकहो, असं हसून वेळ मारून नेणारं माणूस आपल्याही घरात असेल. जरा आठवून बघा.

शेवटी ताईनंच त्याला दवाखान्यात नेलं. "डॉक्टर, याला जरा दम भरा."

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "दम भरून भीती जात नाही हो, फक्त लपून बसते." त्यांनी त्याचे जुने आजार, चालू औषधं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उपचाराआधी तासभर एक गोळी देईन. गुंगी येईल, पण हाक मारली की ओ द्याल. दात बधिर करायचं इंजेक्शन आहेच. सोबत कुणीतरी हवं आणि दिवसभर गाडीला हात लावायचा नाही."

"म्हणजे नशाच की!" ताई फणकारली.

"तुम्ही चष्मा लावता, त्याला कुणी हसतं का? ही तशीच मदत आहे."

ठरल्या दिवशी ताई सोबत आली. दवाखान्यात गोळी घेऊन तो बसला. हळूहळू पडद्यावरचं ऊन पाण्यासारखं हलू लागलं. सदा ताठलेले खांदे आपसूक सैलावले. खुर्चीत आडवं केलं तेव्हा आपण संथ तळ्यावर तरंगतोय असं त्याला वाटलं. डोक्यावरचा दिवा पांढरा ढग झाला. यंत्राची घरघर दूरच्या भुंग्यासारखी झाली आणि "आ करा" हा आवाज पैलतीरावरून आला.

तोंड उघडण्याआधी तो पुटपुटला, "ताई, हात सोड ना गं माझे. मी नाही पळत."

ताई गारठली. तिनं कुठे हात धरले होते?

आणि मग तिला आठवलं! तो लहान असताना मोठ्यांनी त्याला दाबून धरून दात उपटला होता. तो किंचाळत होता, सगळे हसत होते आणि त्याचे दोन्ही हात तिनंच आवळून धरले होते. ती विसरली होती. तो विसरला नव्हता!

तिनं आपला उघडा तळवा अलगद त्याच्या हाताखाली ठेवला. हवं तर धर, नको तर राहू दे.

परतताना टॅक्सीत त्यानं जड जिभेनं विचारलं, "झालं? एवढंच? मी काही बडबडलो का गं?"

"बडबडलास, आणि फार बरं केलंस. चुकलं रे माझं."

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून कधीच झोपला होता. संध्याकाळी तिनं त्याला जागेपणी पुन्हा तेच सांगितलं.

घरी कुणीतरी नेहमीची थट्टा काढली, तर ताई ताडकन म्हणाली, "पुरे! आपल्या हसण्यानंच त्याचं दुखणं एवढं वाढलं."

मित्रहो, घाबरलेल्या माणसाला आधी विचारा, "काय झालं होतं?" भीतीवर इलाज आहेत, फक्त आपलं हसू त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं.