तांबडं करडू

"अण्णा, पण ते करडू निळं होतं!" ज्योत्स्नाबाई हसत म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल भीमाशंकर पेंटरच्या नाकासमोर धरला. पडद्यावर बर्फातून एक करडू उड्या मारत चाललं होतं. चांगलं आभाळी निळं.

मेहकरच्या शाळेच्या भिंतीवर मात्र ते तांबडं होतं, आणि कित्येक वर्षं तांबडंच होतं. त्याला टेकून डबे खाल्लेली पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला लागली. त्यांच्याही डोक्यात ते तांबडंच असणार.

हे झालं कसं, ते सांगायला हवं. तेव्हा आमच्या गावात टीव्ही एकच, माणिकप्पांचा, आणि तोही काळा-पांढरा. रविवारी सकाळी त्यावर जपानातून आलेली जनावरांची कार्टून मालिका लागायची. कळप हरवलेलं डोंगरी शेळीचं एक करडू आईला शोधत फिरायचं. त्यातले प्राणी इतकी शुद्ध हिंदी बोलायचे, की दखनी हिंदीवर वाढलेल्या आम्हाला निम्मी कळायचीच नाही. बर्फ तर कुणी बघितला होता? बायका म्हणायच्या, चुना सांडलाय. भीमाशंकरचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढरं राखणारं. त्या घरात करडू जन्मलं की पहिली चौकशी रंगाची. त्याची लेक श्रीदेवी टीव्हीला नाक लावून बसायची. तिनं एकदाच सांगून टाकलं, "अप्पा, तांबडं हाय, आपल्या शेळीच्या करडावानी." विषय संपला.

पुढं शाळेची भिंत रंगवायचं काम आलं, तेव्हा भीमाशंकरनं करडाची रेघ काढली आणि श्रीदेवीनं त्याच्या खांद्यावर बसून आत रंग भरला. निम्मा रंग बापाच्या डोक्यावर सांडला. त्याच पावसाळ्यात तिला ताप भरला. भालकीच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोर गेली. मालिका पुढं चालू राहिली, करडाला आई सापडली म्हणे. भीमाशंकर पुन्हा माणिकप्पांच्या घरी टीव्ही बघायला गेला नाही.

बिदरहून शाळेवर नव्यानं आलेल्या ज्योत्स्नाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता.

"आता पोरं जुने भाग केबलवर बघतात, अण्णा. चुकीचं चित्र बरं दिसत नाही. तुम्हाला जमत नसेल तर फ्लेक्स लावू या."

"फ्लेक्स नगं. मीच करतो, बाई."

घरी बायकोनं, म्हाळसानं ऐकलं आणि भाकरी तव्यावरच करपली.

"कामून व्हय म्हणलाव? लेकीचा हात हाय म्हणून सांगायचं न्हाई बाईला?"

"सांगितलं असतं तर बाईनं ठिवलंबी असतं. पर बाई बदलून जाईल. मग दुसरं कुनीतरी येईल आन् काय बी न इचारता चुना मारंल." भीमाशंकर ताटाकडं बघत राहिला. "तिला माती मी माज्या हातानं दिली. हितं दुसऱ्याचा हात कामून लागू दिऊ?"

म्हाळसानं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

"माजी लेक चुकली व्हती व्हय वो?"

"न्हाई गं. त्या टीव्हीत रंगच नव्हता."

"तवा मातीला बाया येत न्हाईत म्हणून मला वेशीवरनंच माघारी फिरवलाव," ती म्हणाली. "उद्या मी येनार."

भीमाशंकर नाही म्हणाला नाही.

सकाळी शाळा भरायच्या आधी दोघं भिंतीपाशी आले. त्यानं निळा रंग कालवला, ब्रश बुडवला आणि तिच्या हातात दिला. जन्मात ब्रश न धरलेल्या म्हाळसानं पायांपासून सुरुवात केली. तोंडापाशी तिचा हात अडला, तेव्हा त्यानं तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. दोघांनी मिळून तोंड रंगवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

करडू निळं झालं. नवं दिसायला लागलं, आणि कुणाचंच नव्हतं.

"वाळायला येळ लागंल," तो डबे उचलत म्हणाला. "चल घरी."

म्हाळसा भिंतीपुढं मातीतच मांडी घालून बसली.

"तुमी व्हा म्होरं. मी बसते जरा," ती म्हणाली. "तवा लेकीपाशी बसू दिलं न्हाई कुनी."