कुलपाआडचा रोलर

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. लोखंडाची गोष्ट ऐकून कोण काय करणार? आणि ज्यांच्याबद्दल सांगायचं ती माणसं वाईटही नाहीत. तेच जास्त लागतं. पण परवा एका साहेबानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, हाताला लागलेला गंज माझ्याच दांड्याला पुसला आणि म्हणाला, "ये तो मर गया है." तेव्हा ठरवलं, आता सांगायचंच.

तर मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. क्रिकेटचं पिच दाबून सपाट करायचा. माझा जन्म हावड्याच्या एका फाउंड्रीत झाला. पोटात काँक्रीट भरलं, दोन्ही बाजूंना बेअरिंग बसवली, लांब दांडा जोडला आणि लॉरीत घालून कलकत्त्यात सॉल्ट लेकच्या कडेला, कालव्याजवळच्या या मैदानात आणून टाकलं. तेव्हापासून इथेच.

मैदानाच्या एका अंगाला बंगाली पाडा, म्हणजे आपल्याकडची आळी. दुसऱ्या अंगाला बँकवाल्यांची सोसायटी. तिच्यात बरीच मराठी घरं. काही बदलीवर आलेली, काही इथेच जन्मलेली, मुळं धरून बसलेली. जमीन मात्र एका ट्रस्टची. ट्रस्टची अट एकच, आणि ती सगळ्यांना तोंडपाठ होती. खेळ चालू आहे तोवर मैदान तुमचं. खेळ बंद पडला की जमीन आमची.

खेळ बंद कसला पडतोय! पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल, हिवाळ्यात क्रिकेट. मधे दुर्गापूजा. मांडवाच्या बांबूंसाठी मैदानभर खड्डे पडायचे. पण इथली एक रीत होती. विसर्जन झालं की पाड्यातली आणि सोसायटीतली पोरं मिळून ते खड्डे बुजवायची. माती घालायची, पाणी मारायचं आणि मग मला वरून फिरवायचं. सगळे खड्डे दाबून होईपर्यंत कुणी बॅटला हात लावायचा नाही. मला ढकलायला पोरांची भांडणं व्हायची. सोसायटीतले गणपती उठले की हेच. तेव्हा माझी बेअरिंग अशी गुळगुळीत होती, काय सांगू. माझा आवाजच यायचा नाही. "आपला रोलर म्हणजे लोणी आहे," असं म्हणायची पोरं. मला लोणी म्हणायची, मित्रांनो! लोखंडाला!

मग ट्रस्टमधली म्हातारी माणसं गेली. नवी आली. त्यांच्याबरोबर एक बिल्डर येऊन मैदान बघून गेला. चौदा मजली टॉवर, असं ऐकू आलं.

सोसायटीची मीटिंग मैदानातच भरली. अध्यक्ष जयंतराव. जन्म कलकत्त्याचा, पण बोलणं असं की आत्ताच पुण्याहून उतरलेत.

बँकेतला अजिंक्य पहिला उठला. "काका, स्पष्ट बोलतो. माझी मार्चमध्ये बदली. मी कशाला वाईटपणा घेऊ?"

"उलट बरंच होईल," यामिनी म्हणाली. तिचा फ्लॅट मैदानाकडचा. "टॉवर झाला तर आपल्यालाही जिम वापरता येईल. आणि हा धुरळा बंद. रोज पडदे झटकते मी."

"पडदे झटकायला लागू नयेत म्हणून सूर्य झाकून घेणार का गं?" मालतीबाईंनी विचारलं. या जयंतरावांच्या पत्नी. सगळे हसले. यामिनीसुद्धा हसली, पण मत बदललं नाही.

शेवटी जयंतरावांनी हात वर केला. "मैदान वाचवायचं. ठरलं. बिल्डरची माणसं रात्रीतून पत्रे ठोकतात, सगळीकडे तेच चाललंय. तेव्हा आधी भिंत, मग गेट, मग कुलूप. किल्ली माझ्याकडे."

"आणि मुलं?" मालतीबाई म्हणाल्या.

"थोडे दिवस गच्चीवर खेळतील. जरा शिस्त पाळा की!"

भिंत झाली. कुलूप लागलं. "गवतावर चालू नये" अशी पाटी तीन भाषांत लागली. जयंतराव रोज सकाळी कुलूप ओढून बघायचे आणि खूश होऊन परत जायचे. पाड्यातले हराधनबाबू भिंतीवरून डोकावले. मैदानाला ते माठ म्हणतात. "जयंतदा, ये माठ है कि म्यूझियम? बच्चा लोग किधर जायेगा?"

"थोडा सब्र कीजिए, हराधनबाबू. मैदान बच जाने दीजिए."

पूजेचा मांडव रस्त्यात गेला. खड्डे नाहीत, माती नाही, पाणी नाही. मला हात लावायला कुणी येईना. दोन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात ग्रीस वाहून गेलं, दुसऱ्यात बेअरिंग गंजून जाम झाली. गवत माझ्या दांड्याच्या वर गेलं. लोक म्हणतात लोखंडाला काही कळत नाही. एका जागी उभं राहून स्वतःचंच अंग सोलपटताना बघा, मग सांगा.

भिंतीवरून उडी मारून एकच जण यायची. केतकी. सोळा वर्षांची, सोसायटीतली, फास्ट बोलर. पिच नाही तर सराव कुठे करणार? गच्चीवर धावली तर खालच्या मजल्यावरचे ओरडतात. क्लबची निवड हुकली तिची. त्या दिवशी येऊन माझ्यावर बसली. तिचं मराठी जरा बंगाली वळणाचं. मला रोलरदा म्हणते. "रोलरदा, मला पण गंज लागला," म्हणाली.

माझ्याशी बोलणारी ती एकटीच. म्हणून ती मैत्रीण.

आणि परवा तो साहेब आला. सरकारी माणूस, ट्रस्टच्या वकिलाबरोबर. मैदानात खेळ चालतो की नाही, एवढंच बघायला. जयंतराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार. त्यांनी कुलूप उघडलं. गेट अर्धवट उघडून गवतात अडकलं.

"देखिए साहब, कितना सुरक्षित रखा है!"

साहेबानं माझा दांडा हलवून बघितला. मी हललो नाही. मला हलायचं होतं, मित्रांनो. नाही हलता आलं. तेव्हाच तो म्हणाला, ये तो मर गया है. मग त्यानं जयंतरावांना विचारलं, "तो यहाँ कोई आता नहीं?"

जयंतरावांची छाती फुगली. "एक आदमी नहीं! दो साल में किसी को पाँव नहीं रखने दिया!"

वकील खाली बघून हसला. साहेबानं मान डोलावली.

मी ओरडलो असतो. दगडमातीवर इतकी वर्षं फिरलो, पण असं कुणी मला चिरडलं नव्हतं. बिल्डर बाहेरून येणार म्हणून भिंत बांधली, आणि बिल्डरचं काम आतूनच करून ठेवलं!

हराधनबाबू गेटात उभे होते. "जयंतदा," ते हळूच म्हणाले, "आपने तो उनका केस जिता दिया."

जयंतरावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तसा चेहरा उतरला. मालतीबाई मात्र पुढे झाल्या आणि साहेबाची वाट अडवून उभ्या राहिल्या. "रविवारी या. एकदाच. खेळ नाही दिसला तर आम्हीच तुम्हाला विटा आणून देतो." साहेब वकिलाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ठीक है. संडे. लास्ट."

आज शनिवार. सकाळपासून दोन्ही बाजूंची पोरं गवत कापताहेत. पाटी उखडली. हराधनबाबूंनी बांबूची शिडी लावून भिंतीवरून माती टाकली, कारण गेट अजून पूर्ण उघडत नाही. बदली रखडलेला अजिंक्य बाल्कनीतून मोबाईलवर शूटिंग करतोय. खाली उतरला नाही. यामिनीच्या खिडकीचे पडदे ओढलेले. जयंतराव दुपारी आले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या दांड्याला भिडले. सगळ्यांनी मिळून जोर लावला. मी फक्त कण्हलो.

कुणी त्यांना टोमणा मारला नाही. मारायला हवा होता, असं मला वाटतं.

मित्रांनो, जपणं म्हणजे काय, ते मला विचारा. मला जपलं त्या पोरांनी, ज्यांनी मला चिखलात लोळवलं. ज्यांनी कुलूप लावलं, त्यांनी मला मारलं. तुमच्याही घराजवळ एखादं मैदान असेल. त्याची राखण करायची असेल तर आज संध्याकाळी तिथे जाऊन घाम गाळा. निवेदनं नंतर द्या.

आता अंधारतंय. सगळे चहाला गेलेत. केतकी एकटीच राहिली आहे. माझ्या बेअरिंगमध्ये रॉकेल सोडतेय, गंज खरवडतेय, पुन्हा सोडतेय. नखं काळी झाली आहेत तिची. मधेच थांबून दांड्याला कपाळ टेकवलं.

"रोलरदा, उद्या पिच नाही झालं तर मी कुठे धावणार रे? बोल ना."

बोलता येत नाही मला. पण आत कुठेतरी रॉकेल पोचलंय, गार लागतंय, गंजाचा पहिला खवला सुटलाय.

केतकी, सकाळी तू दांड्याला हात लाव. कितीही कुरकुरलो, अंग कितीही सोललं, तरी मी फिरेन. वचन.