भरलेली बॅटरी

नवऱ्याने चाकांवरचं घर विकत घेतलं आणि आम्ही रानात मुक्काम टाकला. वीज फक्त बॅटरीची. पंखा लावला की हा खेकसायचा, "अगं, बॅटरी!" दिवा लावला की, "अगं, बॅटरी!" संडासात पाणी सोडणारा पंपही बंद, त्यामुळे नाक दाबून बसायचं. छपरावरच्या सोलरने बॅटरी सकाळीच भरायची, पुढचं सगळं ऊन फुकट जायचं. पण हे त्याच्या टाळक्यात शिरेल तर शपथ!

आज दुपारी फ्रीज उघडला आणि सडक्या चिकनचा भपकारा थेट घशात गेला.

"फ्रीज कोणी बंद केला?"

"मीच, परवा," बॅटरीच्या मीटरकडे बोट दाखवत तो हसला. "बघ, शंभर टक्के!"

मी चिकनचं पातेलं त्याच्या मांडीवर आदळलं.

"घे, जेव. मीटर बघत बघत जेव."