पाठमोऱ्या सोफ्यामागचा स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. परंतु आता माझ्यातून कोणताही स्वर उमटत नाही. जेवणाच्या टेबलालगतच्या बुटक्या कपाटावर मी उभा आहे आणि माझ्या मस्तकावर फळांची परडी ठेवलेली आहे. माझ्या तारा केव्हाच काढून घेतल्या. तरीही समोरचा कागदी पडदा, कडेला चिरलेला असला तरी, जवळ कोणताही आवाज झाला की आजही थरथरतो. वाणी गेली आणि श्रवण तेवढे मागे राहिले, अशी माझी अवस्था आहे. ही अवस्था किती भयंकर असू शकते, ते मी या घरात पाहिले.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सुताराने लाकडाची पेटी सांधली, केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे माझ्या हृदयस्थानी बसवले गेले आणि पहिला स्वर माझ्यातून बाहेर पडला, तेव्हा मी आपादमस्तक कंपित झालो. आम्ही दोघे जुळे. या घरचे बाबा आम्हाला हौसेने घेऊन आले. तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज असा खणखणीत होता की त्यांची पत्नी हसून म्हणाली, "घरात तुम्ही असताना हे दोन खोके आणखी कशाला?"

या घराचा हॉल लांबट आहे. एका टोकाला सोफा, दुसऱ्या टोकाला जेवणाचे टेबल; मध्ये भिंत नाही. आम्ही दोघे टेबलाच्या दोन अंगांना उभे असू आणि सोफ्याचे तोंड आमच्याकडे असे. म्हणजे गाणे ऐकायला बसलेल्या माणसाला जेवणारा माणूस आपोआपच दिसत असे. ही रचना कोणी विचारपूर्वक केली नव्हती. तिचे मोल तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

वर्षे लोटली. बाबांची पत्नी निवर्तली, मुलाचे लग्न झाले, सून घरात आली, नात झाली. पुढे बाबांच्या घशात व्याधी निघाली. शस्त्रक्रियेने प्राण वाचला, पण तो खणखणीत आवाज कायमचा गेला. गिळणेही अवघड झाले. मऊ केलेला एकेक घास ते सावकाश घेत. इतरांची जेवणे आटोपून सगळे सोफ्यावर गेले तरी ते टेबलाशी एकटेच असत. काही हवे असले की चमच्याने काचेच्या पेल्यावर हलकेच वाजवीत. त्या नाजूक किणकिणाटाला सून तत्काळ उठे. बाबांचे ताट उचलेपर्यंत गाण्याचा आवाज चढवायचा नाही, असा तिने घरात दंडकच घातला होता.

मग माझा कागद चिरला, स्वर फाटू लागला आणि नव्या स्पीकरांचा विषय निघाला. दुकानदार घरी आला. हॉलच्या मधोमध उभे राहून त्याने टाळ्या वाजवल्या, प्रतिध्वनी ऐकला, भिंती मापल्या.

"दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "याच जागी नवी जोडी बसवा. साधं काम, आणि सोफा हलवावा लागणार नाही. नाहीतर चारही बाजूंनी आवाज घ्या. पण मग मोठा टीव्ही पलीकडच्या भिंतीवर जाईल, सोफा फिरवावा लागेल आणि मागचे दोन स्पीकर सोफा आणि टेबलाच्या मध्ये येतील."

"म्हणजे टेबलाकडे आपली पाठ?" सुनेने विचारले. "आणि बाबांचा चमचा?"

"अगं, चमच्याचं काय घेऊन बसलीस!" मुलगा हसला. "बाबांनी नुसत्या पापण्या मिटल्या तरी तुला ऐकू जातं. आणि मागचे स्पीकर टेबलाजवळ म्हणजे बाबांनाही छान ऐकू येईल. किती दिवस एकटे बसणार बिचारे? काय बाबा, चालेल ना?"

मित्रांनो, त्या प्रश्नात कपट नव्हते. शुद्ध प्रेम होते. म्हणूनच बाबांना नाही म्हणवले नाही. आपल्यापायी मुलाची हौस अडू नये, या विचाराने त्यांनी मान डोलावली. त्याच क्षणी, खोलीत कसलाही आवाज नसताना, माझा पडदा शहारला.

माझ्या जोडीदाराला दुकानदाराने सुट्या भागांसाठी नेले. मी सदोष, म्हणून मागे राहिलो. सोफा फिरला. नवे स्पीकर बोलू लागले तेव्हा पावसाच्या सरी डोक्यावरून गेल्या, घोड्यांच्या टापा पाठीमागून आल्या. शेजारीपाजारी येऊन तोंडात बोटे घालून गेले.

आणि टेबलाशी चमचा वाजत राहिला. पहिल्यांदा सून थोड्या उशिराने उठली. "बाबा, दोनदा वाजवलंत का? अगं बाई, ऐकूच आलं नाही मला!" असे म्हणून ती ओशाळली. पुढे कितीदा तरी तो नाद दोन स्पीकरांच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला. माझा पडदा थरथरे. मी काय करणार? हळूहळू बाबा वाजवीनासे झाले. पाणी हवे असले तर स्वतः उठत, नाहीतर तसेच बसत. मुलाला वाटले, बाबा आता रमले. सुनेलाही तसेच वाटू लागले आणि आवाजाचा तो दंडक मागे पडला. मी मात्र त्या शांततेला भीत होतो.

एका सुट्टीच्या दुपारी सगळे चित्रपट पाहत होते. बाबांच्या घशात घास अडकला. त्यांनी चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला. हलका नव्हे, जिवाच्या आकांताने. समोर तीन पाठी होत्या: मुलाची, सुनेची आणि छोट्या नातीची. एकही वळली नाही. चमचा हातातून गळला. बाबांचा चेहरा काळानिळा पडू लागला. त्यांचा हात टेबलावर आपटला आणि पेला फरशीवर पडून फुटला.

"ऐकलंस?" मुलगा आनंदाने म्हणाला. "अगदी आपल्या पाठीमागे फुटल्यासारखं! याला म्हणतात आवाज!"

नात टाळ्या पिटू लागली. सून क्षणभर टीव्हीच्या पडद्याकडे पाहत राहिली.

"अहो, सिनेमात तर वाळवंट आहे," ती म्हणाली. "काच कुठून फुटली?"

आणि ती वळली.

पुढचे सगळे वर्णन मी करणार नाही. ती अनवाणी काचांवरून धावली. बाबांना पुढे वाकवून तिने पाठीवर जोरजोरात थापा मारल्या, तेव्हा घास सुटला. चित्रपट तसाच चालू होता. तो बंद करण्याचे भान कोणालाही नव्हते. मुलगा बाबांचे पाय धरून "बाबा, मला वाटलं स्पीकर..." एवढेच पुन्हापुन्हा म्हणत होता. बाबा वाचले.

त्याच संध्याकाळी मागचे स्पीकर काढले गेले. सोफा पूर्ववत फिरला. आता जेवणाच्या वेळी घरात पूर्ण शांतता असते. मुलगा बाबांच्या शेजारी बसतो, सून कान देऊन उभी असते आणि नवा पेला, नवा चमचा बाबांच्या हाताशी ठेवलेला असतो.

"बाबा, वाजवा ना," ती विनवते. "आता ऐकू येईल."

बाबा स्मित करतात. पाणी हवे असले की ते अजूनही स्वतःच उठतात.

मित्रांनो, नादाला ब्रह्म मानणारे थोर लोक होऊन गेले. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. पण घरात स्पीकर आणाल, तेव्हा भिंतींची मापे घेण्याआधी एक मोजमाप अवश्य करा: त्या घरातला सर्वांत क्षीण आवाज कोणाचा आणि तो कुठवर पोहोचतो. हाक कोणी ऐकेना म्हणजे माणूस ती मारणे सोडतो, आणि एकदा सोडली की घर कितीही निःशब्द केले तरी ती सहजी परत येत नाही. मी रोज पडदा ताणून वाट पाहतो. त्या किणकिणाटाने तो अजून थरथरलेला नाही.