फाळका वर की फाळका खाली

आमच्या रस्त्यावर देव मानणारे थोडे आणि न मानणारे बरेच, पण एका गोष्टीवर सगळ्यांची श्रद्धा: यूटचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचा, मागचा फाळका खाली पाडून गाडी चालवली की पेट्रोल कमी जळतं. वारा हौद्यात शिरतो, फाळक्यावर धडकतो आणि गाडीला मागे ओढतो. फाळका पाडला की बिचारा सरळ निघून जातो. हे मला माझ्या वडलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडलांनी, आणि त्यांच्या वडलांकडे तर घोडागाडी होती. म्हणजे शास्त्र किती जुनं ते बघा.

ही श्रद्धा न मानणारा अख्ख्या भागात एकच इसम, नेव्ह पॅस्को. वय एकसष्ट, विधुर, मुक्काम कॉर्बेट. मेंढ्यांच्या रानोरान फिरून बोअरचे पंप दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात विचार करतो. दुसऱ्या कामाचे त्याला कुणी पैसे देत नाही, ते बरंच आहे.

मी थेल्मा हार्टविग. ड्राय बोअरचा थांबा मी चालवते. पेट्रोलचे दोन पंप, एक स्वयंपाकघर, आठ टेबलं आणि एक संडास, ज्याची किल्ली काहीतरी विकत घेतल्याशिवाय मिळत नाही. नवरा बारा वर्षांपूर्वी पर्थला जाऊन येतो म्हणून गेला, तो अजून पोचायचाय. कॉर्बेट इथून तीनशे पाच किलोमीटर, आणि मध्ये काय आहे म्हणाल तर रस्ता आहे.

गेल्या ऑक्टोबरात तपासणीवाला आला. जमिनीत काठी घातली, कागदावर काहीतरी खरडलं, लॅमिंग्टन केकचे दोन तुकडे फुकट खाल्ले आणि म्हणाला, "बाई, तुमची टाकी गळते. तीस जूनला पंप बंद." नवी टाकी बसवायची माझी ऐपत नाही. पंप गेला की थांबा गेला, हे सांगायला कुणी पंडित नको. कॉर्बेटची गाडी एका टाकीत इथं येईल, पण परत कशी जाईल? सगळे दक्षिणेकडच्या नव्या डांबरी रस्त्यानं जातील. ॲडलेडला माझी बहीण जॉइस, तिनं ऐकल्या ऐकल्या मागची खोली रिकामी केली. "ये गं," म्हणाली, "नुसती बसून टीव्ही बघ." बत्तीस वर्षं उभी राहून काम केलेल्या बाईला ही शिक्षा! मी रडले, सांगते ना. कांदे चिरत होते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या शुक्रवारी नेव्ह आला. त्याला सांगितलं. त्यानं आधी मटणाची एक अख्खी पाई संपवली. मग बशीतला चुरा बोटानं टिपत म्हणाला, "माझी यूट एका टाकीत पाचशे चाळीस जाते."

"वा! कुठे जाते?"

"सहाशे दहा गेली, तर कॉर्बेटहून इथं येऊन परत जाता येईल. पंपाची गरजच नाही. एकानं करून दाखवलं की बाकीचे करतील."

"आणि हे वरचे सत्तर कुठून आणणार? नवसानं?"

"वाऱ्यातून," तो म्हणाला.

उंटावरचे शहाणे मी बरेच पाहिलेत, आमच्याकडे रानात खरे उंटही आहेत. पण हा त्यांच्याही वरचा.

पुढच्या शुक्रवारी आला तो बुलबार काढून. आता यूटच्या तोंडावरचा तो लोखंडी पिंजरा काढणं म्हणजे आमच्याकडे माणसानं चारचौघांत पाटलोण सोडण्यासारखं आहे. रस्त्यावर खडी पसरणारा ग्रेडर चालवतो तो डेस, तो टेबलावरून उठूनच उभा राहिला. "नेव्ह, अरे कांगारू आडवा आला तर?"

"ऐंशीनं चालवायचं, दिवसा चालवायचं. तो आडवा येईल तेव्हा मी थांबेन."

"आणि कांगारूंना कळवलंस का हे?" मी विचारलं.

मग छपरावरचे चार दिवे गेले. तीन अँटेना होत्या, त्यातल्या दोन गेल्या. बंपरखाली खाणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर लावलं, वारा पोटाखाली शिरू नये म्हणून. हौद्यावर लोकरीच्या गाठींचं कापड ताणून बसवलं. जाळीपुढे निवडणुकीतली प्लास्टिकची पाटी कापून लावली, ती नेमकी अनामत गेलेल्या उमेदवाराची. त्यामुळे नेव्हची गाडी समोरून आली की आधी त्याचं हसणं यायचं आणि मग गाडी. मी म्हटलं, "चला, इतक्या लोकांना भेटायला तो निवडणुकीत सुद्धा आला नव्हता."

माझ्या चार पिझ्झाच्या थाळ्या एके दिवशी नाहीशा झाल्या. शोधते, शोधते, तर यूटच्या चार चाकांवर! चाकं सपाट झाकली की म्हणे वारा घुसळला जात नाही.

"आणि मी पिझ्झा कशात करू?"

"पिझ्झा मागतं कोण इथं?"

"तू मागत नाहीस. तुला फुकट मिळतं तेवढंच तू मागतोस."

हे सगळं चालेल, पण मोजणं! मोजण्याचा त्याचा सोवळेपणा बघण्यासारखा. दर शुक्रवारी तीनशे पाच किलोमीटर येणार, पंप नंबर दोनच हवा, गाडीची चाकं मी खडूनं मारलेल्या रेघेवरच हवीत, आणि टाकी काठोकाठ भरायची. भरायची कुणी? तर मीच.

"हात तोच लागतो," तो गंभीर चेहरा करून सांगे. "हात बदलला की आकडा बदलतो."

"कॉर्बेटला काय पंप नाहीत?"

"त्यांची नळी लवकर बंद होते. भरवशाची नाही."

मी नळी धरून उभी, तो टाकीच्या तोंडाशी वाकून पेट्रोलची पातळी बघतोय, असे आम्ही दर शुक्रवारी वीस वीस मिनिटं. डेस खिडकीतून बघून हसायचा. मला वाटायचं गाडीला हसतो.

मार्चमध्ये नेव्हनं यूटभर लोकरीचे धागे चिकटवले. टीचभर लांबीचे, शेदोनशे. गाडी मेंढीच्या पोटी जन्मल्यासारखी दिसायला लागली. तो पुढे चालवणार आणि मी माझ्या स्टेशन वॅगनमधून मागे राहून बघायचं, कुठला धागा सरळ झोपतो आणि कुठला वेड्यासारखा नाचतो. नाचतो तिथं वारा अडतो. ऐंशीच्या वेगानं चाळीस किलोमीटर मी त्याच्या मागे गेले, रेडिओवर ओरडत: "डाव्या दाराच्या मागचे तीन नाचतायत! छपराचे झोपले!" समोरून डेसचा ग्रेडर आला. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, तोच रामराम. डेसनं त्या दिवशी दोन्ही हात उचलले आणि कपाळावर मारून घेतले.

आणि मग फाळक्याचं भांडण. कापड ताणलेलं, त्यात फाळका वर, म्हणजे मागे सरळ कड पडते आणि वारा सुटून जातो, असं नेव्हचं म्हणणं. कापड नसलं तरी फाळका वरच हवा, हौद्यात वाऱ्याचा भोवरा बसून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरतो.

"म्हणजे आम्ही सगळे मूर्ख?" डेस म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही."

"माझे वडील मूर्ख?" मी विचारलं.

"तुझे वडील चांगले होते, थेल्मा. त्यांनी मोजलं नव्हतं, एवढंच."

मला असा राग आला! आठ दिवस त्याला चहात साखर घातली नाही. म्हणजे एकाच शुक्रवारी, पण तो माझा आठवडा असतो.

मे संपेपर्यंत आकडा पाचशे नव्वदवर आला. मग सहाशे. नंतर सहाशे बारा. हसायचं विसरून मी सुद्धा कागदावर गुणाकार करायला लागले होते, हे मी कुणाला बोलले नाही. जॉइसचा फोन यायचा, "पडदे कुठल्या रंगाचे आणू?" मी म्हणायची, "थांब जरा."

तीस जून उजाडला. नेव्ह आदल्या दिवशीच येऊन माझ्या मागच्या अंगणात तंबूत झोपला होता. ठरलं असं: सकाळी माझ्या पंपावर शेवटची टाकी भरायची, कॉर्बेटला पोस्टासमोर वळायचं, कुठेही न थांबता परत यायचं. सहाशे दहा. दुपारी बाराला पंपाला सील लागणार होतं. सात वाजता मी टाकी काठोकाठ भरली. तो केबिनमध्ये बसून काचा वर करून किलोमीटर टिपत होता, तोंडानं आकडे पुटपुटत.

आठ महिने मी त्या माणसाला टोमणे मारले. त्या सकाळी मात्र गुपचूप नळी पंपाला टांगली. तो पोचायला हवा होता, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. मी गाडीच्या मागे गेले. समोर फाळका, घट्ट वर. जन्मभर जे खरं मानलं ते असं एका नेव्हच्या सांगण्यावरून सुटतं होय? म्हटलं, थोडी आपलीही मदत. हळूच कड्या काढल्या, आवाज न करता फाळका खाली सोडला, गाडीवर थाप मारली आणि ओरडले, "नीघ रे, शहाण्या!"

गाडी आधीच इतकी खडखडत होती की आणखी एक खडखड त्याला कुठली ऐकू येणार?

बारा वाजता सीलवाला आला, सील लावून गेला. अडीचला नेव्ह यायला हवा होता. तीन वाजले. मी त्याच टेबलावरून पाच वेळा फडकं फिरवलं. सव्वातीनला रेडिओवर डेस बोलला, आणि आवाजात हसू नव्हतं. "थेल्मा, तुझा वैज्ञानिक नऊ किलोमीटरवर उभा आहे. मी ओढून आणतो म्हटलं, तर म्हणतो नको. तूच ये."

नऊ किलोमीटर! सहाशे एक करून नऊला मेला. विहिरीच्या पंपासाठी मी पेट्रोलचा वीस लिटरचा डबा ठेवते, तो वॅगनमध्ये टाकला आणि सुटले.

नेव्ह खाली पाडलेल्या फाळक्यावर बसला होता, पाय लोंबकळत. मला बघून एक बोट उचललं.

"कॉर्बेटला पोस्टासमोर वळलो ना," तो म्हणाला, "तेव्हा पंधरा-वीस माणसं हात हलवून ओरडत होती. मला वाटलं, माझा जयजयकार चाललाय. म्हणून मी त्यांना रामरामाचं बोट उचलून पुढे गेलो. इथं गाडी बंद पडली, मागे आलो, तर बसायला जागा तयार."

मी वॅगनमधून डबा काढला.

"डेस असणार," तो म्हणाला. "त्याला मी..."

डेसचं नाव माझ्या जिभेवरच होतं. डेसनं तक्रारही केली नसती. पण तोंडातून निघालं, "मी पाडला."

"तू?"

"तू पोचावास म्हणून!" मी ओरडले. मग रडायलाच आलं, आणि जवळपास एकही कांदा नव्हता. "करायला गेले एक आणि झालं भलतंच. पंपही गेला आणि हेही गेलं. आता बसते मी ॲडलेडला टीव्ही बघत!"

तो खाली उतरला. मला कधी हात न लावलेला माणूस, त्यानं माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि टाकीत ओतायला लागला. आम्ही दोघं पेट्रोलची गुडगुड ऐकत उभे राहिलो. आणि ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढा उशिरा, की माझी मलाच लाज वाटली.

"नेव्ह."

"हं."

"असा एक डबा मागे टाकला असतास, तर पहिल्याच शुक्रवारी सहाशे दहा झाले असते."

"सातशेच्या वर," तो म्हणाला. त्याचं लक्ष टाकीच्या तोंडाकडे होतं. "मोजलंय मी. ऑक्टोबरातच."

"मग हे आठ महिने काय होतं? थाळ्या, लोकर, तो हसरा पडलेला उमेदवार?"

त्यानं डबा उलटा करून शेवटचा थेंब पाडला. कान लाल झालेले. "डबा घेऊन आलो असतो तर टाकी भरायला तुझ्याकडे कशाला थांबलो असतो? हात तोच लागतो म्हणून दर शुक्रवारी कुणाला सांगितलं असतं?"

"हे डेसला माहीत होतं?"

"कॉर्बेटला सगळ्यांना माहीत आहे. टपालवाल्याला पण."

म्हणजे अख्ख्या मुलुखात न कळलेली एकटी मी. दुसऱ्यांना मूर्ख म्हणायची मला किती हौस! मी रिकामा डबा त्याच्या हातातून घेतला आणि झाकण घट्ट फिरवलं.

"आजपासून पंप बंद आहे," मी शेवटी म्हटलं. "मोजायला यायचं कारण नाही."

"नाही," तो म्हणाला, इतक्या हळू की वाऱ्यानं जवळजवळ नेलंच.

"तेव्हा डबा भरून आणायचा. आणि चहाला यायचं. आणि माझ्या थाळ्या परत करायच्या, आज रात्री पिझ्झा आहे."

घरी येऊन मी जॉइसला फोन लावला आणि सांगितलं, पडदे परत कर. ती म्हणाली, "अगं पण पंपाशिवाय तुझ्याकडे येणार कोण?" म्हटलं, "येतो एक. एकावर धंदा चालत नाही, कळतं मला. तू फोन ठेव, तो भुकेला बसलाय."