काचेतला रेडिओ

नवऱ्याची होडी इंजिन बंद पडून खडकांपलीकडे अडकली आहे, हे कळल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. रेडिओवर तो एवढंच बोलला होता, "नांगर टाकलाय. बॅटरी संपत आलीय. सोळा नंबरच्या चॅनलवर राहा, मधूनमधून बोलेन." पुढे काहीच नाही.

त्याची थोरली बहीण सामान वाहणारी लाँच चालवायची. तिनं जेवण अर्धवट टाकून लाँच काढली. "तू घरी थांब" असं ती भावजयीला म्हणणार, तोवर भावजय उडी मारून आत आलीसुद्धा.

धक्का मागे पडला. किनाऱ्यावरचे दिवे दिसेनासे झाले आणि केबिनमध्ये एकच उजेड उरला, गेल्याच आठवड्यात बसवलेल्या रेडिओचा. पांढराफटक पडदा, त्यावर काळा ठसठशीत सोळा. मधूनच दूरच्या कुणा होडीवाल्याचा आवाज यायचा आणि भावजय दचकायची.

"वहिनी, त्याचा उजेड कमी कर. समोरच्या काचेत मला रेडिओच दिसतोय, समुद्र दिसत नाही."

"असू द्या ना ताई. तो चालू आहे हे मला दिसायला नको?"

"अगं, आवाज येतोय म्हणजे चालूच आहे."

"तुम्ही पुढे बघा. रेडिओचं मी बघते."

"पुढे दिसत नाही म्हणून तर सांगतेय!"

भावजयीनं पडद्यापुढे तळहात धरला. दोन क्षणांत पुन्हा काढला. नंबर झाकला की रेडिओच बंद पडला असं तिला वाटायचं. नणंद काही बोलणार इतक्यात डाव्या अंगाला कर्रकन काहीतरी घासत गेलं. नणंदेनं वेग एकदम तोडला. दिवा विझलेला एक बोया, वाट दाखवणारा तरंगता पिंप, हेलकावत मागे गेला.

"बघितलंस?" नणंदेनं मागे बोट दाखवलं. "त्या जागी आपल्या बाळ्याची होडी असती तर? सोडवायला गेलेल्या आपणच त्याच्यावर चढलो असतो."

भावजयीनं मेन्यूचं बटण दाबलं. 'दिवस'वरून 'रात्र' केलं. पांढरा पडदा काळा झाला, आकडा लाल.

"अजून कमी."

तिनं बाण दाबला.

"अजून. हां, आता दिसायला लागलं."

ती मेन्यूतून बाहेर पडत असतानाच लाँच लाटेवर आपटली आणि तिचा अंगठा सटकला. लाल आकडा आता इतका मंद होता की नाक लावल्याशिवाय वाचता येईना. ती बसून राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. बराच वेळ कुणीच बोललं नाही. दूरचे होडीवालेही नाहीत.

"ताई, इतकं गप्प कसं?"

तिनं वाकून पडद्याजवळ डोळा नेला. सतरा.

तिनं घाईनं सोळा लावला, माइक ओढला, हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. नाही.

"तो मघाशी बोलला असेल, ताई. बोलला असेल आणि मी ऐकलं नाही. आता बॅटरी गेली असेल."

"रडू नकोस. बाहेर बघ. चार डोळे बरे."

दोघी काचेला चिकटल्या. डोळे हळूहळू अंधाराला सरावले. आधी खडकांवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसू लागली. मग त्या रेघेच्या उजवीकडे, पाण्यालगत, काजव्याएवढा एक ठिपका. विझला. पुन्हा लागला.

"मोबाइलचा दिवा हलवतोय गाढव!" नणंद ओरडली आणि चाक फिरवलं.

त्याला लाँचवर घेतलं, होडीला दोर बांधला, तेव्हा तो थंडीनं कुडकुडत होता. "किती हाका मारल्या! बॅटरी संपेपर्यंत. होता कुठे तुम्ही?"

भावजयीनं तोंड उघडलं.

"माझ्याकडून चॅनल बदललं," नणंद आधीच बोलून गेली. "नवा रेडिओ आहे, अजून हातात बसला नाही. घे, पाणी पी."

"नाही, मी बदललं," भावजय म्हणाली. "चुकून. उजेड कमी करताना."

तो दोघींकडे बघत राहिला. "मग भांडा आता दोघी," असं म्हणून पोत्यांवर आडवा झाला आणि थोड्या वेळात घोरायला लागला.

परतीच्या वाटेवर भावजय सारखी वाकून आकडा तपासत होती.

"आता कुणाची हाक यायची राहिलीय?" नणंदेनं विचारलं. "टेक जरा."

"कळतं हो ताई," ती म्हणाली, "पण जीव ऐकत नाही." आणि पुन्हा वाकली.