भोपळ्याचं बी

योसेफने साऱ्या मंडळीसमोर शब्द देऊन टाकला, तेव्हा बायकांत बसलेली त्याची बायको प्रार्थना टाळ्या वाजवायचीच विसरली.

कापणीचा सण होता. सोनईकडची ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी शेतातलं पीक चर्चमध्ये आणतात, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. पैसा चर्चचा, वस्तू घेणाऱ्याची. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी माणसं त्या दिवशी दोन कणसांवरून ईर्ष्येला पेटतात. रतनबाईच्या वेलाचा भोपळा निघाला, तसा किराणावाला मच्छिंद्र बोली चढवत गेला. तो काही मंडळीतला नव्हे, पण लिलाव चुकवेल तर शपथ. योसेफला नव्या नोकरीचं वारं लागलेलं. नऊ वर्षं साखर कारखान्यात फिटर होता, आता सुप्याच्या एमआयडीसीत लागला होता. भोपळा त्याने घेतलाच, वर उभा राहून जाहीर केलं की जुन्या कारखान्याचा पीएफ निघाला की चर्चच्या पडवीचे सगळे पत्रे माझ्याकडून. टाळ्या पडल्या. टाळ्यांना काय, पदरचं काही जात नाही.

नोकरी सुटली की पीएफ उचलायचा, ही तर गावाची रीतच. पण नव्या कंपनीतल्या आरती मॅडमनी योसेफला बजावलं होतं की पैसे काढू नका, इकडे वळवून घ्या. जुनी नऊ वर्षं नव्याला जोडली जातील, दहा भरली की म्हातारपणी पेन्शन मिळेल. सगळं काढून घेतलंत तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी. हे योसेफनेच घरी येऊन सांगितलं होतं. ते ऐकून प्रार्थना किती दिवसांनी निवांत झोपली होती. दोघांना ना जमीन, ना मूलबाळ. हात चालायचे थांबले की कोण बघणार, या विचाराने तिला नेहमी धडकी भरायची. आता शब्द देवाला दिलेला. तो मोड म्हणायची तिची छाती होईना. ती गप्प राहिली आणि आतून झुरू लागली.

भोपळा फळीवर तसाच पडून होता. योसेफ रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन बसायचा, पीएफ काढायला जायचा, आणि रोज काहीतरी अडायचं. कधी साईट उघडायची नाही, कधी ओटीपी यायचा नाही. तो चिडायचा. प्रार्थना भाकरी थापत राहायची.

शनिवारी रतनबाई दारात आली. मंडळीची पंच, सत्तरी ओलांडलेली, तरी अजून खुरपायला जाणारी. योसेफला वाटलं, पत्र्यांचं विचारायला आली. तो आपणहून सांगू लागला की आज-उद्या पीएफ निघेलच.

"मी भोपळ्याचं बी मागाया आले," रतनबाई म्हणाली. "भोपळा कापला असंल तर बी दे. माज्याकडं एकबी उरलं न्हाई."

मग तिने बसून विचारलं, हा पीएफ म्हणजे नेमकं काय. योसेफने सांगितलं. म्हातारपणाचा पैसा, हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले आणि त्याचा आवाज खाली आला.

"आमच्या ह्यांनी गिरणी सोडली तवा असाच सगळा उचलला हुता," ती म्हणाली. "आज मी कुनाच्या बांधाला हाय, बगतोस ना? योसेफ, कापनीच्या सनाला आपुन पीक आनतो. बियानं आनलेलं कदी बगितलंय का?"

योसेफने मान खाली घातली. शब्दाचं काय, एवढंच त्याने विचारलं.

"शब्द हायच की. पगारातनं दरसाल दोन-दोन पत्रे दे. मंडळीत मी सांगते."

प्रार्थनाला रडूच आलं. इतक्या दिवसांचं साचलेलं, थांबेना. तिने डोळे पुसले, विळी घेतली आणि भोपळा कापला. अर्ध्या बिया रतनबाईच्या पदरात घातल्या, अर्ध्या धुऊन सुपात पसरल्या. रतनबाई गेल्यावर योसेफने विचारलं, "एवढं मनात हुतं, तर बोलली का न्हाईस?"

"तुमी देवाला दिलेल्या शब्दात मी कशी पडू?" प्रार्थना म्हणाली. "पन रोज त्यालाच सांगत हुते, ह्यांची साईट उगडू देऊ नको."

योसेफ एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोबाईल उचलला, या वेळी पैसे काढायला नव्हे, वळवायला.

"मग आता सांग त्याला," तो म्हणाला, "उगडू दे म्हनावं."

विळीवर बसल्या बसल्याच प्रार्थनाने डोळे मिटले. ते उघडायच्या आत ओटीपी आला होता.